पट

मे महिन्यात आम्ही मुलं वेचायला निघतो,
मी आणि वाघमोडे सर, त्यांच्या गाडीवरून.
कुपवाडच्या कारखान्यांमागं पत्र्याच्या खोल्यांची रांग,
दारात वाळत घातलेली इवली चड्डी दिसली
की सर ब्रेक मारतात.

गणवेश फुकट, पुस्तकं फुकट, दुपारची खिचडी,
म्हणता म्हणता माझा आवाज
संध्याकाळच्या मेथीवालीसारखा होतो.
एक बाप शांतपणे म्हणाला,
"फुकट म्हंजे बाई, चांगलं नसंलच की."
आणि त्याची बायको, पोरगं कडेवर सावरत,
"तुमची पोरगी कुठं असती शाळंला?"
मी पाण्याचा तांब्या मागितला.

शर्वरीची पिवळी गाडी सकाळी सव्वासातला येते.
ती टाय स्वतः बांधते.
मी नंतर निघते, वखारभागातून,
शाळा क्रमांक बेचाळीसकडे.

भिंतीवर महापुराची रेघ अजून आहे,
दोनदा रंग देऊनही ती आतून वर येते.
माझ्या खांद्याला लागते.
मुलं तिला पाठ टेकून उंची मोजतात,
सातवीपर्यंत ती पार करून जायची असते
असा त्यांचाच एक नियम आहे.
त्या पुरात वरच्या वर्गात नव्वद माणसं होती, दोन म्हशी जिन्यात.
मतदानाला आम्ही लागतो, लसीला लागतो,
जनगणनेला लागतो.
शाळेला लागतो का, हे अजून ठरायचंय.

जुलैत साहेब आले. "पट किती?"
"सतरा."
"वर्गात तर सोळाच दिसतात."
सिद्धव्वा आली नव्हती. तिच्या खान्यात
मी सकाळीच हजेरी मांडून ठेवलेली,
पेन्सिलीनं, म्हणजे अर्धंच खोटं.
साहेब वाईट नव्हते. त्यांनी पाणी घेतलं,
छताची ओल बघितली,
समायोजन हा शब्द फार हळू उच्चारला,
दवाखान्यात बोलतात तसा.

दस्तगीरमामा घंटेच्या कट्ट्यावर बसून
एकटेच बुद्धिबळ खेळतात, दोन्ही बाजूंनी.
पट म्हटलं की त्यांना तोच कळतो.
"सतरा सोंगट्या खूप झाल्या," म्हणाले,
"इतक्यांत डाव होतो."
साहेब हसले. मीही. मामा हसले नाहीत.

साडेबाराला सिद्धव्वाची आई आली,
हळदीच्या गोदामातून तशीच, कोपरापर्यंत पिवळी,
पोरीला पुढं ढकलत, कन्नडमध्ये काहीतरी रागावत.
सही कुठं करू, तिनं खुणेनं विचारलं.
सही कशालाच लागत नव्हती.
तरी मी हजेरीपट पुढं केला
आणि तिनं अंगठा उठवला, शाईशिवाय,
पेन्सिलीच्या त्या खुणेवर.

साहेब गेल्यावर मी तास घेतला.
फळ्यावर लिहिलं: काल, आज, उद्या.
उद्याला तुमच्यात काय म्हणतात?
"नाळे," सिद्धव्वा म्हणाली, खाली बघत.
पिंटू पासवान उभा राहिला, भागलपूरचा,
बाप फौंड्रीत, मराठी तीन महिन्यांची.
"कल."
वर्ग हसला. काल नाही रे, उद्या!
"मग कालला काय म्हणतोस?"
तो गोंधळला. "कल."
"दोन्हीला एकच?"
"हां."
"मग कळतं कसं?"

त्यानं विचार केला. बाहेर पोत्यांचा टेम्पो मागं येत होता,
त्याची शिट्टी संपेपर्यंत थांबला.
"आगे सुनना पडता है, बाई."

सुट्टीला रांग लावताना
माझ्या साडीचा पदर ओढून त्यानं विचारलं,
मराठीत, जुळवून जुळवून,
"बाई, कल शाळा आहे?"

दस्तगीरमामांनी हातोडा उचलला होता.
पुढचं ऐकायला
तेही थांबले.