मागचा की पुढचा

टेबलावर तीन दरपत्रकं, वर नदीतला एक दगड.
मोखोटलाँगचा वारा कागद जागेवर राहू देत नाही.
दवाखान्याच्या गाडीसाठी पैसे आलेत
एकाच लॉकरचे.
सही माझी.
आणि मला गाडी चालवता येत नाही.

म्हणून त्सेलिसोला बोलावलं.
तो दारातच म्हणाला, मे मालेफू, उठा,
औषधांच्या गोल खोलीला एक फेरी मारू.
तुम्ही भिंतीकडून, मी बाहेरून,
हात मात्र सोडायचा नाही.
मी सावकाश, तो लगबगीनं, घोंगडी सावरत,
आणि तरी दाराशी आम्ही एकदमच पोचलो.
हे डिफरन्शियल, तो म्हणाला.
वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त चालायचं असतं.
ते चालतं. कुरकुर करत नाही.

आता चिखल आणा मनात.
एक चाक काळ्या राडीवर, गरगर फिरतंय,
दुसरं कातळावर, धडधाकट,
गप्प उभं.
त्याला मिळतं तेवढंच
जेवढं निसटणाऱ्याला पेलवतं.

ही चूक मी खतावणीत पाहिलेली आहे.
बोलले नाही.

पहिलं दरपत्रक सगळ्यात स्वस्त:
खटका नाही, नळी नाही, आपलं आपण जखडतं.
मी पेन उचललं होतं.
त्यानं बोटांनी टेबल तिरकं केलं, दगड घरंगळला.
जुलैत बर्फ असतो, मे, आणि रस्ता दरीकडे कललेला.
एक चाक फिरत राहिलं तर दुसरं निदान
रस्ता धरून असतं.
दोन्ही एकदम सुटली की गाडीचं बूड
खाली काय आहे ते बघायला निघतं.
दगड मी उचलून परत ठेवला,
पहिल्या कागदाखाली नाही.

दुसरं हवेवरचं. चांगलं आहे, तो म्हणाला,
पण थंडीत नळी तडकली
तर नवी घाटाखालून येईल,
आणि घाट बंद असेल म्हणूनच तर नळी तडकलेली असेल.
तिसरं विजेवरचं, अकराशे मालोटी जास्त.
अकराशेत थर्मामीटर किती येतात, मला पाठ आहे.

मागे बसवायचा की पुढे?
पुढे बसवला तर स्टिअरिंग हट्टी होतं, तो म्हणाला.
चढावर सगळं वजन मागे सरतं.
मागे पेशंट झोपतो, मी म्हटलं.
हो, तो म्हणाला. म्हणून.

सही करताना विचारलं:
खटका कधी दाबायचा नसतो?
बहुतेक वेळा.

जूनमध्ये मीही गेले, हा-लेबोनाला,
हिशेबासाठी, असं सांगून.
परतताना स्ट्रेचरवर मापुसो, नववा महिना,
मुठीत माझ्या घोंगडीचा कोपरा.
ओढ्याच्या पलीकडचा काठ पावसानं खाल्लेला.
गाडी वर चढली, थबकली, डावं चाक उडवू लागलं
काचेवर माती.
त्सेलिसोनं पाय उचलला. आधी थांबला.
मग खटका.
खाली कुठेतरी टक् झालं,
कपाटाची कडी लागावी तसं,
नारिंगी दिवा लागला,
आणि उजवं चाक, इतका वेळ पाहुण्यासारखं उभं,
कामाला लागलं.
हळू. अगदी पायी चालल्यासारखं हळू.

वर आल्यावर त्यानं खटका लगेच बंद केला,
दिवा विझेना.
मी घाबरले.
गुंतलंय, तो म्हणाला, सुटेल,
आणि गाडी हातभर मागे घेतली,
त्याच काठाकडे, जिथून आत्ताच आलो होतो.
मापुसोनं डोळे मिटले.
दिवा विझला.

वहीत त्या दिवसाच्या रकान्यात
डिझेल, किलोमीटर, पेशंट एक
(सकाळी त्याचे दोन केले),
आणि खाली, ज्यासाठी रकानाच नव्हता, ते:
लॉकर, अंदाजे चाळीस सेकंद.