रुमालाखाली

मुकटीच्या उपकेंद्रात मार्गशीर्षातली सकाळ.
निळ्या डब्यात चार आइसपॅक, मधोमध कुप्या.
तापमानाच्या वहीत मी लिहिते : चार अंश.
रात्री तीन तास लाइट नव्हती.
फ्रिजचं दार उघडलं नाही,
तेवढंच माझ्या हातात होतं.

धुडकू आबा बाकावर बसलेत, बाही खालीच.
"मागला सालनी सुई वाया गयी का, माय?
परत काब्र?"

मी ट्रेनिंगमधलं सांगायला लागते.
विषाणू स्वतःची नक्कल उतरवतो, घाईघाईत,
घंटा व्हायच्या आत पोरानं फळा उतरवावा तसा.
काना सुटतो, वेलांटी भलतीकडे जाते.
बहुतेक चुका जागच्या जागी मरतात,
एखादीच त्याच्या पथ्यावर पडते.
आबा माझ्याकडे पाहत राहतात,
दात लपवणाऱ्या बैलाकडे पाहावं तसे.

चाळीस वर्षं धुळ्याच्या गुरांच्या बाजारात दलाली केली त्यांनी.
तेच मग बोलू लागतात.
पारोळ्याकडचा एक बैल चोरीला गेला.
चोरानं शिंगं कानशीनं घासली,
कपाळावरचा चांद कलप लावून बुजवला,
शेपटीचा गोंडा छाटला,
आणि भर बाजारात आणून बांधला.
मालक दोनदा शेजारून गेला, ओळख पटेना.
तिसऱ्यांदा बैल पाण्याकडे निघाला
आणि मालकानं पाठीमागून त्याला नावानं हाक मारली.
"शिंगं घासता येतस, माय.
चाल कोठे घासशी?"

मी खुर्चीतून उठलेच.
आबा, हेच. मघापासून हेच सांगतेय.
रक्तातले पहारेकरी शिंगं पाहून दारातच अडवतात.
शिंगं बदलली की चोर सरळ आत.
पण आत, खोल, दुसरे बसलेत, सावकाश उठणारे.
त्यांना चाल ठाऊक असते.
तोवर घरात थोडी आदळआपट होते, भांडी पडतात,
पण घर बसत नाही.
मला नाही का, सुई घेऊनही ताप आला गेल्या वर्षी?
तीन दिवस. चौथ्या दिवशी उठून
कळण्याच्या भाकरी थापल्या.

आबा बराच वेळ गप्प.
"मंग जिभाऊनं काय?"

जिभाऊ, त्यांचे धाकटे भाऊ.
दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलेलं,
आणि ते टिकावं म्हणून रोजच्या गोळ्या,
पहारेकऱ्यांना पेंगत ठेवणाऱ्या,
नाहीतर त्यांनी पाहुण्यालाच चोर समजून मारलं असतं.
दोन्ही सुया मीच दिल्या होत्या.
कुपी बरोबर, तारीख बरोबर, हात बरोबर.
पेंगणाऱ्यांपुढे चोराचं चित्र धरलं मी.
पोळ्याच्या आदल्या दिवशी गेले.
याचं उत्तर बैलात नव्हतं,
ट्रेनिंगच्या वहीत होतं, पण ते मला वाचवेना.

आबांनी खांद्यावरचा रुमाल काढला,
माझ्या हातावर पसरला
आणि खालून आपली बोटं पुढे केली.
बाजारात भाव असाच विचारतात,
चारचौघांत, ओठ न हलवता.
"खरा भाव सांग."

भिंतीवरच्या पोस्टरवर आकडा नाही.
तिथं एक कुटुंब हसतंय, सगळ्यांचे दात पांढरे.
मी त्यांची पाच बोटं दाबली.
थांबले. दुसऱ्या हाताचं एक.
दहातली सहा, तीही याच साली, याच शिंगांपुरती.
सहावं मी अर्धंच दाबलं.
"अर्धं काब्र?"
"वयाचं, आबा."

हसले. असे हसले की बाहेरच्या रांगेतल्या बाया आत डोकावल्या.
मग बाही वर केली.
दंड वाळक्या शेंगेसारखा, सुईला जागा शोधावी लागली.

"पुढला साले भाव बदली का?"
"बदलेल. शिंगं बदलली की बदलेल."
"मंग येसू," म्हणाले,
कापसाचा बोळा अंगठ्यानं दाबून धरत,
आणि तो बोळा उलटून पाहिला,
कोणत्या जातीचा कापूस आहे म्हणून.

रुमाल माझ्याकडेच राहिला.
दुपारी डबा धुताना हाताशी आला.
बाजार सोडून त्यांना दहा वर्षं झाली,
लुगड्यांबरोबर कितीदा धुतला असेल.
अजून गुरांचा वास येतो त्याला.