ढोल

मार्च अखेर. विभागीय कार्यालयाच्या गेटवर
विष्णू निरभवणे ढोल घेऊन उभा,
मी यादी घेऊन.

एकशे बारा नावं. त्यातली नऊ
अमरधामला जाऊन परतली नाहीत.
बिलं अजून त्यांच्याच नावानं निघतात
आणि वारस म्हणतात, वाटणीचा निकाल लागू दे, मग बघू.

विष्णूचं काम सोपं:
थकबाकीदाराच्या दारात वाजवायचं,
कोपऱ्यावरच्या पानवाल्याला कळेपर्यंत.
माझं त्याहून सोपं: लाज वाटेपर्यंत थांबायचं.
कुणाला, ते परिपत्रकात नाही.

गंगापूर रोड. तळमजल्यावर दवाखाना,
नोंदीत ‘निवासी’.
गच्चीवर हॉटेल, दिव्यांच्या माळा,
नोंदीत ‘मोकळी गच्ची’.
या ब्लॉकमध्ये शेवटची टेप लागली
तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं.
विष्णूनं पहिली थाप मारली आणि माझा मोबाईल वाजला.
‘तो सोडा मॅडम. वरून फोन आलाय.’
वर म्हणजे किती मजले, मी विचारत नाही.
विष्णूनं तळहात चामड्यावर ठेवला.
थरथर थांबायला थोडा वेळ लागला.

अंबडला गेटवरच स्टे ऑर्डर लावलेली,
लॅमिनेट करून, कोपरे पिवळे पडलेले.
वॉचमननं चहा पाजला.
चहाचे पैसे त्याचेच.

तांबट लेनमध्ये ढोल ऐकूच येईना.
सोनूभाऊ पिंगळे घंगाळ ठोकत होते.
म्हणाले, तुमच्याआधीपासून वाजवतोय मी.
मग हातोडी ठेवली. नळ पहाटे साडेचारला, वीस मिनिटं.
गटार दोन वर्षं उलटं वाहतं, बघून घ्या,
नाकानं बघा.
एवढं बोलून डब्यातून नोटा काढल्या,
थुंकी लावून मोजल्या, पूर्ण भरल्या.
पावती फाडताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही.
गेल्या वेळी त्यांनी दंडासकट भरले जूनमध्ये,
आणि दिवाळीनंतर अभय योजना आली,
न भरणाऱ्यांना दंड माफ.
ते विसरले नसणार. बोलले मात्र नाहीत.

दुपारी द्राक्षांच्या गाडीशी थांबलो.
गाडीवाल्याकडे बाजार फीची पावती, रोजची,
घामानं मऊ झालेली.
मागच्या शोरूमवर तीन वर्षांची बाकी,
माझ्या यादीत सतरावी. शटर बंद, आतून एसीचा आवाज.

साहेब म्हणतात, वसुली वाढली की माणसं मिळतील.
अकरा जणांचं टेबल आम्ही चौघं ओढतो.
माणसं मिळाली की वसुली वाढेल, असं मी म्हणाले होते एकदा.
साहेब हसले. चांगलेच आहेत तसे.

द्राक्षांच्या बिया थुंकत विष्णू म्हणाला,
‘मॅडम, माझं घर घेता का यादीत?’
मला वाटलं चेष्टा.
‘पाटाच्या कडेला, पत्र्याचं. भरतो ना मी.
फक्त पावती पाहिजे, नावाची.
पोरीच्या शाळेत राहण्याचा पुरावा मागतात.’

मी सिस्टीम उघडली. माहीत असूनही उघडली.
तिथे पाट आहे, पाटाचा रस्ता आहे,
रस्त्याच्या कडेला काही नाही.
कर लावला तर घर आहे असं मानल्यासारखं होईल,
म्हणून लावायचा नाही,
असं मला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात
कुणीतरी समजावलं होतं,
आणि ते मला पटलंही होतं.

‘नोंद नाही रे,’ मी म्हणाले.
‘बरं,’ तो म्हणाला. मग थोड्या वेळानं,
‘आणि गेल्या मार्चची माझी मजुरी?’
व्हाउचर लेखा विभागात आहे. निधी आला की.
‘मग संध्याकाळी ऑफिसच्या दारात वाजवू?’
आम्ही दोघंही हसलो, गाडीवालाही.

सहाला मी तक्ता भरला.
भेटी: चौदा. वसूल: एक.
शेरा या रकान्यात जागा कमी असते.
खाली पायरीवर विष्णू ढोलाच्या दोऱ्या सोडत बसलेला.
उन्हानं चामडं ताणतं, म्हणाला,
रात्री सैल केलं नाही तर फाटतं.
उद्या किती वाजता?

साडेनऊ, मी म्हणाले.