काच

सेवाग्रामहून परतताना
एसटीच्या घरघरीत ती म्हणाली,
'गिऱ्हानात म्या कोहळं चिरलं होतं जी.'

मी म्हटलं, 'डॉक्टरनं सांगतलं ना,
कोनाच्या हातानं झालं नाही हे.'
आणि देवळी येईस्तोवर
मीच मोजत बसलो आतल्या आत :
तिला सातवा असताना कपाशीवर मारलेलं औषध,
तोच सदरा अंगात,
तसाच जेवायला बसलेला मी, तिच्या ताटाला ताट लावून.
मामाचीच पोरगी केली, तेही.
बाळंतपणाला जीप आली नाही, ती पहाट.

चार वर्षांचा प्रज्योत खिडकीशी.
काच थडथडते तिथं बोट टेकवतो,
आवाज थांबतो.
बोट उचलतो.
परत टेकवतो.
'बाबू' म्हटलं तर मान वळत नाही.

भिडीला गाडी बंद झाली, काच गप्प.
त्यानं तिच्याकडे न बघता
तिचा हात मनगटाशी धरला, नेला,
काचेवर ठेवला,
जशी चालू करायची किल्ली तिच्याकडेच.

कळंबपर्यंत तिनं तो काढला नाही.

कोहळ्याचा विषय परत निघाला नाही.
घरी आल्यावर मात्र
फवारणीचा सदरा शोधून
मी चुलीत घातला.
बटणांचा वास रात्रभर घरात.