पालक, चुका, शेंगदाणे

उदगीरला, मोंढ्याच्या मागल्या गल्लीत
बावीस वर्षं मी दुसऱ्यांची लघवी तपासते.
आज बाटलीवर माझंच नाव लिहिलं
आणि वय लिहिताना एक वर्ष चोरलं.

काच सरकवली. थेंब स्थिरावला.
लिफाफे.
आम्ही त्यांना असंच म्हणतो:
बारके, चौकोनी, पाठीवर फुलीची घडी,
बंद.

अप्पांचेही असेच निघायचे.
वीरभद्रप्पा निडवंचे, रजिस्टरात अकराशे सात.
तेव्हा मी नुसते मोजायचे. चार-पाच, लिहून मोकळी.
आत काय आहे, पत्ता कुणाचा आहे,
कधी विचारलं नाही.

सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट फिरवत डॉक्टर म्हणाले,
"बालाघाटातलं सीताफळ बघितलंय ना?
तसे डोळे. आणि डोळ्याडोळ्यात पाणी."
बघितलंय.
शेवटच्या आठवड्यात अप्पांच्या कुशीवर
मी हात ठेवला होता,
पिकलंय का बघावं, तसा.

चिठ्ठीवर लिहून आलं:
पालक बंद. चुका बंद. शेंगदाणे कमी.
घरी वाचून दाखवत होते, तर धाकटी म्हणाली,
"आई, पालक बंद म्हणजे?"
मला पुढचा शब्द वाचवेना.

हैदराबादहून चुलतभावानं डबा पाठवलाय,
कसल्याशा पावडरीचा. झाकणावर हिरवं पान,
मागं "किडनीचा मित्र".
ताकातून घे म्हणाला, सकाळ-संध्याकाळ.
देवळीत पडून आहे. फेकवत नाही, उघडवत नाही.

डॉक्टरांचं औषध पातळ आहे,
चवीला लिंबाचा खारट सावत्रभाऊ.
दोन चमचे, पेलाभर पाण्यात.
"खडे धरू नयेत म्हणून. गाठींचं म्हणाल तर
उंदरांना गुण आलाय म्हणतात,
माणसांचं अजून सांगता येत नाही."
तर उंदरांनो, तुमचं उष्टं पिते मी,
नाक दाबून, रोज दोनदा.

बोअरचं पाणी तापवून तापवून
पातेल्याला आतून पांढरं कवच आलंय.
रात्री लिंबाची पिळलेली फोड घेऊन घासत बसते.
फेस येतो. थोडं सुटतं.
बुडाशी एक चकती आहे, ती लग्नापासूनची,
तिला काही होत नाही.

"मला दे की ते आंबट," धाकटी पेला पुढं करते.
चौदा सरून पंधरावं लागलं तिला.
निम्मी शक्यता, असं म्हणतात; म्हणजे
हो किंवा नाही, एवढंच.
मी तिला साधं सरबत करून देते.
साखर जास्त झाली म्हणते, तरी पिते.

तिचं नाव
रजिस्टरात मी अजून घातलेलं नाही.