मानस

चोडणला येऊन तिसरा महिना.
खोलीत टेबल एकच,
त्याच्या एका पायाखाली वीजबिलाची घडी,
आणि पडद्यावर एक फंक्शन,
अठरा वर्षं वापरात,
अठरा वर्षं अर्धवट समजलेलं.

आयनोडला नाव नसतं, हे सांगून पटत नाही कुणाला.
नाव असतं वर, फोल्डरच्या वहीत.
खाली तो नुसता क्रमांक
आणि शेजारी एक आकडा: किती हातांनी धरलंय.
शून्य झालं की तो गेला.
सुतक नाही. जागा दुसऱ्याची.

दोष एवढाच होता, की
व्यवहार संपताना कुलूपही काढायचा
आणि जमलं तर धरलेला हातही सोडवायचा.
कधी फक्त कुलूप, कधी दोन्ही.
एका खुणेवर ठरायचं ते.
जो खूण लावायला विसरला
तो पुढं हवेचा हात धरून चालायचा,
आणि महिन्यातून एखाद्या रात्री
कुठल्यातरी गिऱ्हाइकाचा सर्व्हर
मेलेल्या क्रमांकाशी बोलत बसायचा.

श्रीरंग फोनवर म्हणाला, आणखी एक खूण वाढव.
मी हो म्हणाले
आणि चपला घातल्या.

रुझार मानशीवर होता.
आधी मला वाटायचं, मानस म्हणजे मन.
त्यानं बोट दाखवलं:
बांधात बसवलेली लाकडी दारं,
एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला खाजन,
वर टांगलेला कंदील, त्याला भुललेली कोळंबी.
भरती चढली की पाणीच दार लोटून घेतं,
ओहोटीला पाणीच उघडतं.
"दाराक कोणूच हात लायना."

आणि जाळं?
"तें हांव बांदतां, हांव सोडटां.
उदकान सोडलें जाल्यार
जाळें खंय मेळटलें?"

एवढं बोलून तो बिडी शोधू लागला.
मी चिखलात उभी,
एक चप्पल आत, एक बाहेर.

रात्री दोनदा वीज गेली.
खूण काढून टाकली. सत्तेचाळीस ठिकाणी.
आता व्यवहारानं कुलूप उघडावं आणि निघावं.
हात ज्यानं धरला त्यानंच सोडायचा,
काम फसलं तरी,
अर्ध्या वाटेवरून परतायची वेळ आली तरी.
आणि दोन कुलपं लागलीच,
तर आधी लहान क्रमांकाचं, मग मोठं;
अरुंद बांधावर दोघांनी समोरासमोर
तू सरक, तू सरक करत
मरायचं नाही.

लिहिलेलं कमी, खोडलेलं जास्त.
असे दिवस हिशेबात धरत नाही कुणी.

पहाटे चाचण्या लावल्या.
सगळ्या पार पडल्या, एक सोडून:
कुठलातरी क्रमांक, कुणालाच नको असलेला,
आकडा एकवर अडकून,
जाता जात नव्हता.
कुठंतरी माझाच एक हात
सोडायचा राहिला होता.

बाहेर पहिल्या फेरीबोटीचं फळकूट
धक्क्यावर आपटलं.
दूध आणायला खिशात पैसे चाचपले
तर हाताला लागली
मडगावच्या खोलीची किल्ली.
ती खोली सोडून
तीन महिने झाले.