पाचवा तुकडा

धूर बदलला होता, एवढंच.
आणि मागच्या नळातून पाणी थुंकायचं थांबलं होतं.
पाणी नसलं की त्या नळाचा आवाज
रिकाम्या पिंपात कुणी खोकल्यासारखा येतो.
मी तराफ्यांच्या मधोमध, शिनाण्यांचे दोर
निम्मे वर, निम्मे खाली,
काटा तांबड्या पट्ट्याकडे निघालेला.
इंजिन बंद केलं.
आन्शोने दोर टाकला, ओढत आणलं,
वाटेत एक शब्द बोलला नाही,
म्हणजे आता गावभर बोलणार.

ओहोटी. बोट धक्क्याला टेकून कललेली.
आरोसाच्या खाडीवर धुकं, धुक्यात
निलगिरीच्या ओंडक्यांचे तराफे,
रवंथ करत बसलेल्या गुरांसारखे.
आणि खाली मी, पोटावर आडवी,
हातात आखूड पाना, दातांत विजेरी.

आधी समुद्राकडची झडप बंद करायची.
हे बाबांनी शिकवलं, मी आठ वर्षांची असताना,
आणि शिकवताना स्वतःच विसरले होते.
दोघांचे मोजे भिजले तेव्हा म्हणाले,
"असं करायचं नाही, ते दाखवत होतो."

पंपाच्या झाकणाला सहा स्क्रू.
पाच गुमान आले.
सहावा मिठाने धरून ठेवलेला;
त्याला तेल, मग शिवी,
मग पुन्हा तेल.

आत रबराची चक्री.
सहा पाती हवीत. दोन उरलीत,
तीही मुळाशी तडकलेली.
बाकी खुंट, म्हाताऱ्याच्या दाढांचे असतात तसे.
दांड्यावरून नख फिरवलं:
सील बसतं तिथे खाच.
म्हणजे सीलही गेलं. बेअरिंग कुरकुरतंय, तेही.
बेनिग्ना दुकानात बसून खूश होणार.

नवी चक्री कुणालाही बसवता येते.
भांड्यांचा साबण लावा, पाती एका अंगाला वाकवा,
ढकला.
काम असतं ते तुटलेलं शोधण्याचं.
रबर विरघळत नाही. पाण्याबरोबर पुढे जातं,
वाट अरुंद होते तिथे दबा धरून बसतं,
एक हंगाम, दोन हंगाम,
घाई नसते त्याला.

थंडाव्याच्या नळकांड्याचं टोक उघडलं.
चुन्याचे पापुद्रे, नखाएवढा एक शिंपला,
आणि चिमट्याला पहिला तुकडा.
बाबा धक्क्यावर संत्रं सोलत होते.
"किती?"
"तीन."
"आता?"
"चार."
"झालं मग. लाव परत."

पण चिमट्याला अजून काही लागत होतं.

फडक्यावर सगळे मांडले,
फुटकी बशी जुळवावी तसे
एकेक खुंटाला लावून पाहिले.
चार बसले.
पाचवा कुणाचाच नाही. टणक, तपकिरी,
कडा पाण्याने चाटून गुळगुळीत केलेल्या.

ही बोट बाबांनी कोरी घेतली.
इंजिन ज्या खोक्यातून आलं
त्या खोक्यात बसलेली मी, असा फोटो आहे घरी.
आणि तीस वर्षं ते बारमध्ये सांगत आलेत:
उशीओचं इंजिन कधी तापलं नाही.

मी तुकडा वर धरला.
त्यांनी घेतला, अंगठ्याने दाबला, हुंगलासुद्धा.
"कारखान्यातनंच राहिला असेल."
आणि संत्र्याच्या सालींबरोबर खिशात घातला.
सालं ते एरवी पाण्यात टाकतात.

नवं सील, नवं बेअरिंग, बेनिग्नाची उधारी.
संध्याकाळी भरती बोटीला उचलायला आली.
झडप उघडली. किल्ली फिरवली.
दोघंही मागे वाकून नळाकडे बघत,
त्यांचे ओठ मोजत होते, आवाज न करता.
अकराला
पहिली पिचकारी, गढूळ.
मग स्वच्छ, मग थांबेचना.

"गॅस्केट कागदाची लावलीस?"
"कागदाची."
"हं."

बराच वेळ ते पाणी बघत राहिले,
खिशात हात.
"तुझी आई तेव्हाच म्हणाली होती," ते म्हणाले,
"एक कमी आहे म्हणून."